वरचं बोकेना, खालचं बोहेना

दुर्गेश्वरीचा हेडफोन वालाच्या वेलाला बांधला गेला, तिथून या सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

बांधला तिच्या सासूनं, शामकलाबाईंनी. वेल मांडवावरून घसरत होता, हाताशी सुतळी नव्हती, आणि खुर्चीवर एक काळी, मऊ, चांगली लांबलचक वायर पडलेली. तिच्या टोकांना दोन बोंडं उगाच लोंबत होती, ती शामकलाबाईंनी विळ्यानं छाटून टाकली आणि वेल असा आवळला की वादळ आलं तरी हलू नये. दुर्गेश्वरी आंघोळ करून बाहेर आली तेव्हा हेडफोन मांडवावर होता आणि बोंडं कोंबडीच्या पायाशी.

"आई, ते माझ्या कामाचं होतं."

"आताबी कामाचंच आहे," शामकलाबाई म्हणाल्या.

दुर्गेश्वरी मूळची कामठ्याची. माहेरी घरात पोवारी, शाळेत मराठी, गोंदियाच्या बाजारात हिंदी, आणि लग्न होऊन केशोरीला आली तर इथं झाडीबोली. चार बोलींतून ये-जा करून तिचा कान असा तयार झाला होता की मागच्या गल्लीत कोण खोकलं ते ती चुलीपाशी बसून सांगायची. या कानाच्या जोरावर तिला नागपूरच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं होतं, आणि ते काम ऐकणाऱ्याला नेहमी दोनदा सांगावं लागायचं.

पापुआ न्यू गिनी नावाच्या देशात एका नदीकाठी सिवेको नावाची भाषा बोलतात. बोलणारे सगळे मिळून नऊशे. गावं दोन: नदीच्या वरच्या अंगाला आतुमे, खालच्या अंगाला लोबाई. लोबाईचीच एस्तर नावाची एक बाई शिकून भाषेचा अभ्यास करायला लागली होती. ती आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची. दुर्गेश्वरीनं ते ऐकायचं, कोण कधी बोललं, कुठं थांबलं, कुठं हसलं याच्या खुणा करायच्या, आणि मग एकेक वाक्य स्वतःच्या तोंडानं हळू, सुटं सुटं म्हणून ते रेकॉर्डिंग परत पाठवायचं. म्हातारी माणसं शब्द गिळतात, असं हळू म्हटलेलं असलं की लिहून घेणं सोपं जातं. तिनं म्हटलेलं एस्तर गावात बसून सगळ्यांना ऐकवायची आणि चुका काढून घ्यायची. अर्थ दुर्गेश्वरीला ठाऊक नव्हता आणि ठाऊक असूही नये अशी कंपनीची अटच होती. अर्थ कळला की माणूस मनचे शब्द घालतो, म्हणून काहीच न कळणारं माणूस पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सासऱ्यांना, उदारामजींना, ही अट फार पटली होती.

"पन हे पापुआ आलं कोठी?" त्यांनी एकदा विचारलं होतं. "रायपूरच्या पुढं?"

"खूप पुढं, बाबा."

"मंग गाडी बदलावी लागत असन," उदारामजी म्हणाले आणि विषय संपला.

तर हेडफोन गेला. नवा गोंदियावरून यायला आठ-दहा दिवस लागणार होते आणि काम थांबवून चालणार नव्हतं. त्या दुपारी दुर्गेश्वरीनं पडवीत लॅपटॉप उघडला आणि आवाज मोकळा सोडला. अंगणात शामकलाबाई वाळत घातलेली मोहफुलं हातानं उलटीपालटी करत होत्या.

लॅपटॉपमधून एका म्हातारीचा आवाज आला. खणखणीत, एका दमात दहा-बारा वाक्यं.

शामकलाबाईंचा हात थांबला. "कोन व ही बाई? एवढी कायले चिडून राहिली?"

"चिडली नाही आई, बोलून राहिली. ती भाषाच तशी आहे."

"मले भाषा नको सांगू. बाई चिडली का नाही हे समजाले भाषा लागत नाही."

थोड्या वेळानं दुसरा आवाज आला, बारीक. म्हातारीचं वाक्य संपायच्या आधीच तो मधे शिरायचा. शामकलाबाई मोहफुलं सोडून पडवीच्या पायरीवर येऊन बसल्या.

"ही सून आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मधामधात तोंड घालून राहिली ना." आणि सुनेकडं पाहून, "तुले नाई म्हनत मी," असंही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुर्पताकाकी विरजण मागायला आल्या. दुर्पताकाकींचं घर इटियाडोह धरणाच्या नहरापलीकडं, म्हणजे कालव्यापलीकडं, पण वीस वर्षांत असा दिवस गेला नव्हता की त्या काही तरी मागायला किंवा द्यायला आल्या नाहीत. त्यांनी वाटी हातात धरूनच पाच मिनिटं ऐकलं.

"सून कायची?" त्या म्हणाल्या. "ह्या जावा आहेत. वावराच्या धुऱ्यावरून जुंपली त्याहिची."

"धुरा? बांध घालाले तिठी वावर आहे का नाही हेबी तुले मालूम नाही."

"वावर नाही तं मंग भांडून कायच्यासाठी राहिल्या?"

शामकलाबाईंनी दुर्पताकाकींना बसायला पाट दिला.

आठ दिवसांत पडवीत जागा पुरेना. दुपारी दोन वाजले की बाया आपापलं काम घेऊन यायच्या: कोणी लाखोरीची डाळ निवडायला, कोणी लसूण सोलायला, दिव्या नावाची शेजारची नवी सून तर नुसतं तोंड उघडं ठेवून ऐकायला. दुपारची टीव्हीवरची मालिका बंद पडली. त्या मालिकेतलं सगळं कळत होतं, म्हणून तिच्यात राम राहिला नाही असं बायांचं मत पडलं. इथं रोज नवा वाद. म्हातारी हसली की एक म्हणायची टोमणा मारला, दुसरी म्हणायची छे, पुराना हिशोब आठवला. मधेच कुत्रं भुंकलं तर ते कोणाच्या बाजूनं भुंकलं यावर पंधरा मिनिटं जायची. दुर्गेश्वरी मधे बसून एकेक वाक्य हळू म्हणायची, रेकॉर्ड करायची, आणि पुन्हा पुन्हा सांगायची, "आवाज कमी करा, मागून येऊन राहिला." बाया दोन मिनिटं कमी करायच्या.

एक शब्द मात्र सगळ्यांनी एकमतानं पकडला. बोकेना. म्हातारी तो सतरा मिनिटांत एकेचाळीस वेळा म्हणाली होती, दुर्पताकाकींनी लाखोरीचे दाणे बाजूला काढून मोजले होते. दरवेळी जोर त्याच्यावरच.

"शिवी आहे," शामकलाबाई म्हणाल्या. "एवढ्या जोरानं कोनी चांगला शब्द म्हनत नाही."

"पन ती लहानी बोहेना म्हनते," दिव्यानं शंका काढली.

इथं दुर्गेश्वरीला थोडं शिकवायची हुक्की आली. एवढं एकच तिला कंपनीनं सांगितलेलं होतं. "वरच्या गावात जिथं क म्हणतात ना, तिथं खालच्या गावात ह म्हणतात. शब्द एकच. आपण नाही का डोळ्याला डोरा म्हणत?"

"डोराच असते," शामकलाबाई म्हणाल्या. "डोळा पुन्याकडं असते."

तरी त्यातला मुद्दा त्यांनी बरोबर उचलला. म्हणजे म्हातारी वरच्या गावची आणि ती बारीक आवाजाची खालच्या गावातून आलेली. म्हणजे सूनच. दुर्पताकाकींनीही तोच मुद्दा उचलला. म्हणजे ती बिचारी परक्या गावात एकटी पडलेली, तिच्या बोलण्याची तिथं टिंगल होत असणार. झालं. नहराच्या अलीकडच्या बाया म्हातारीच्या, पलीकडच्या बाया लहानीच्या. अलीकडच्या बोकेना म्हणू लागल्या, पलीकडच्या बोहेना. आणि शब्द एकदा तोंडात बसल्यावर तो नुसता ठेवून कसं चालेल? तो वापरायला माणूस पाहिजे. बायांच्या घरात माणसं होतीच.

"त्या बोकेनाले सांग, जेवाले ये म्हना," शामकलाबाई सुनेला म्हणाल्या, तेव्हा उदारामजींनी इकडंतिकडं पाहिलं. घरात दुसरा पुरुष नव्हता. पण त्यांच्या मनात वाईट काही आलं नाही. चार ठिकाणी तोच शब्द ऐकू आल्यावर त्यांना वाटलं, शासनाची नवी योजना निघाली असावी आणि आपल्याला कोणी सांगत नाही. ते आधार कार्ड घेऊन चंद्रकुमारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

"बोकेनाचा फॉर्म आहे का गा?"

चंद्रकुमारनं आयुष्यात कधी कुठल्या योजनेला नाही म्हटलेलं नव्हतं. "साइट डाउन आहे," तो म्हणाला. "गुरुवारी या. सातबारा लागन."

दुर्गेश्वरीचा नवरा भूपेंद्र मोटारपंप दुरुस्त करायचा. तो एके दिवशी पान्यासकट घरात शिरला. "आई, मले नहराच्या या पारावर बोकेना म्हनून राहिले आन त्या पारावर बोहेना. मी का केलं?"

"काही केलं नाही, म्हनूनच," शामकलाबाई म्हणाल्या. दुर्गेश्वरी लॅपटॉपच्या आड लपून हसली, पण तिला वाटलं, आपण गावात काहीतरी सोडलंय आणि ते आता आपल्या हातात राहिलेलं नाही.

पापडाच्या दिवशी ते खरं ठरलं.

दरवर्षी दोन्ही घरचे उडदाचे पापड शामकलाबाईंच्या अंगणात एकत्र लाटले जायचे. पीठ शामकलाबाईंनी तिंबायचं आणि लाटायला दुर्पताकाकी, कारण त्यांच्यासारखा पातळ आणि गोल पापड दहा गावांत कोणाला जमत नव्हता. त्या दिवशीही सगळ्या जमल्या. दुर्गेश्वरीला चौदाव्या नंबरचं रेकॉर्डिंग संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, म्हणून तीही एका कोपऱ्यात बसून वाक्यं म्हणत होती. या रेकॉर्डिंगमध्ये म्हातारी फार तावात होती, आणि शेवटी शेवटी बारीक आवाजाच्या बाईनं नाक ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग सारखाच.

बाया पिठाचे हात घेऊन लॅपटॉपभोवती सरकल्या.

"रडून राहिली," दिव्या म्हणाली.

"नाटकं," शामकलाबाई म्हणाल्या. "दोन शब्द बोललं का डोऱ्यात पानी."

दुर्पताकाकींचं लाटणं थांबलं. "काऊन? नाटकं काऊन? एवढं बोलल्यावर मानसाले रडू येनार नाही?"

"ती का आपली लेक आहे का एवढा जीव चाललाय तुवा?"

आता हे शामकलाबाई सहज बोलून गेल्या. पण दुर्पताकाकींची लेक चेतना गेल्याच वर्षी गोंदियाला दिली होती, आणि दिवाळीत तिच्या सासूनं कणीक सैल भिजवली म्हणून तिला पाहुण्यांदेखत बोललं होतं. चेतना फोनवर रडली होती. हे दुर्पताकाकींनी एकट्या शामकलाबाईंनाच सांगितलेलं होतं.

"लेकच समज," दुर्पताकाकी उठल्या. लाटणं पोळपाटावर असं आपटलं की कोंबड्या मांडवावर चढल्या. "सासू म्हनली का सगळ्या एकासारख्याच! काऊन बोलाव माय कोनी? काऊन ऐकून घ्याव?"

"मले कायले आवाज चढवून राहिली? माह्या घरात?"

"काऊन नाही चढवाव?"

"काऊन म्हंजे?"

असं बराच वेळ चाललं. लाटणं आणखी चार-पाचदा आपटलं गेलं. मग दुर्पताकाकी आपला पोळपाट काखेत मारून नहरापलीकडं निघून गेल्या आणि त्यांच्यामागं पलीकडच्या पाच जणी. पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली तसाच राहिला. शामकलाबाईंनी स्वतः आठ पापड लाटले. त्यातला एकही गोल नव्हता, एक तर थेट तळहातासारखा झाला होता. संध्याकाळ होत आली होती, पुन्हा सगळं म्हणायला वेळ नव्हता. दुर्गेश्वरीनं भांडणासकट ते रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

त्यानंतर नऊ दिवस नहर ओलांडून कोणी आलं नाही. आठ-दहा दिवसांत यायचा तो नवा हेडफोन एकदाचा महिन्यानं आला, दुर्गेश्वरी कानाला लावून चुपचाप काम करायला लागली. शामकलाबाई दुपारी दोन वाजता सवयीनं पायरीवर येऊन बसायच्या, सुनेच्या तोंडाकडं बघायच्या आणि उठून जायच्या. दुर्गेश्वरीला ते बघवेना. शेवटी कंपनीची अट बाजूला ठेवून तिनं एस्तरला सरळ ई-मेलनं पत्र लिहिलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण मजकूर स्वच्छ: त्या दोघी बायांचं भांडण कशावरून आहे ते कृपा करून सांगावं, आमच्या घरात शांतता नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. दुर्गेश्वरीनं ते तीनदा वाचलं आणि मग धीर करून सासूपुढं जाऊन बसली.

"आई, पत्र आलं. ती म्हातारी आहे ना, तिचं नाव यामो. दुसरी सून नाही, जाऊ पण नाही. तिची लहानी बहीण आहे, सेपा. खालच्या गावात दिलेली."

"बरं. मंग भांडन?"

"भांडण नाही. यामो आजी मासे धरायचं टोपलं कसं विणायचं ते सांगून राहिली. वाम मासा असतो ना, सापासारखा लांब, तो त्याच्यात धरतात. टोपल्याचं तोंड कोणत्या बाजूनं ठेवायचं याच्यावर दोघींचं पटत नाही, एवढंच."

"आन रडली ते?"

"ओली लाकडं होती. धूर झाला."

शामकलाबाई जवळ सरकल्या. "आन बोकेना?"

"वाम मासा."

म्हणजे दीड महिना साऱ्या केशोरीच्या बाया आपापल्या नवऱ्यांना वाम मासा म्हणत होत्या. शामकलाबाईंनी अंगणाकडं पाहिलं. सरपण फोडायला सांगितलेले उदारामजी कुऱ्हाड भिंतीला टेकवून हळूच फाटकातून निसटत होते.

"मंग चुकलं का त्याच्यात?" त्या म्हणाल्या.

पण पत्रात खाली आणखी एक ओळ होती. यामो आजीला तुमच्याकडच्या त्या दोन बायांशी बोलायचं आहे, भरदार आवाजाची आणि आपटणारी, दोघींशी. महत्त्वाचं काम आहे म्हणते. रविवारी सकाळी व्हिडिओवर येता का?

आपटणारी म्हणजे कोण हे सांगायला नको होतं. दुर्गेश्वरी स्वतः नहर ओलांडून गेली. दुर्पताकाकी आधी नाही म्हणाल्या, मग कोणती साडी नेसू म्हणून विचारलं.

रविवारी अकरा वाजता पडवीत धानाच्या पोत्यावर लॅपटॉप मांडला. शामकलाबाई बाजेच्या एका टोकाला, दुर्पताकाकी दुसऱ्या टोकाला, मधे दोन माणसं बसतील एवढी जागा आणि मागं नहराच्या दोन्ही काठांच्या मिळून चौदा बाया. पडद्यावर एका शाळेचा ओटा दिसला. चष्मा लावलेली एस्तर, तिच्याशेजारी निळ्या टी-शर्टातली एक किडकिडीत म्हातारी, दुसऱ्या बाकावर तिच्यासारखीच पण जाडसर म्हातारी, आणि मागं तीसएक माणसं. त्यांच्याही बाकांमध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी होती.

यामो आजीनं पडद्याकडं वाकून शामकलाबाईंना नीट निरखलं. मग ती सिवेकोत बोलली, एस्तर इंग्रजीत बोलली, आणि दुर्गेश्वरी बोलायला गेली ती अडखळली.

"का म्हनते?" शामकलाबाईंनी विचारलं.

"ती विचारून राहिली... की डुक्कर परत दिलं का?"

"कोनतं डुक्कर?"

मग एस्तरनं हसू आवरत सगळं सांगितलं. दुर्गेश्वरीनं म्हटलेली वाक्यं ती गावात ऐकवायची तेव्हा मागून केशोरीचा आवाज यायचा. पहिल्यांदा लोक वैतागले. मग वाक्यं राहिली बाजूला आणि सगळे मागचंच ऐकायला यायला लागले, रोज संध्याकाळी, दोन्ही गावांतून. खूप चर्चा होऊन असं ठरलं होतं की त्या दोन बाया म्हणजे एकाच माणसाच्या दोन बायका. आपटणारीचं डुक्कर सुटून भरदार आवाजाच्या बाईच्या वाडीत शिरलं, हिनं ते खुंटा ठोकून बांधून ठेवलं आणि आता परत देत नाही. खुंटा ठोकल्याचा आवाज चौदाव्या नंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये अगदी स्वच्छ होता.

"पण डुक्कर कुठून आलं?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"तुम्ही सारख्या त्याचंच नाव घेता ना," एस्तर म्हणाली. "काऊन."

मागं बसलेल्या तीस माणसांनी माना डोलावल्या. आतुमेचे म्हणाले, काऊन, काऊन. लोबाईचे म्हणाले, हाऊन.

दुर्गेश्वरीनं हे सगळं झाडीबोलीत सांगितलं तेव्हा पडवीत जो गलका झाला तो शांत व्हायला वेळ लागला. नेमके त्याच वेळी उदारामजी गुरुवारी न मिळालेल्या फॉर्मची पुन्हा चौकशी करायला निघाले होते आणि पडद्यासमोरून गेले. सेपा आजीनं बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"हेच का दोघींचे मालक, असं विचारते," दुर्गेश्वरी म्हणाली.

"माहे?" दुर्पताकाकी ताडकन उठल्या. "हे? सांग तिले, एवढे वाईट दिवस नाही आले माह्यावर!"

"काऊन?" शामकलाबाई म्हणाल्या. "का वाईट आहे त्याहिच्यात?"

पलीकडं तीस माणसं खूश होऊन टाळ्या वाजवायला लागली. डुकराचा विषय निघाला होता.

दुर्गेश्वरीनं एस्तरला समजावायला घेतलं, की काऊन म्हणजे का, कशासाठी, डुक्कर नव्हे, आणि ते लाटणं होतं, पापडाचं. पण शामकलाबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. त्या पडद्याकडं पाहत होत्या. यामो आजीनं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले होते आणि ती उत्तराची वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती.

"राहू दे व," शामकलाबाई हळूच म्हणाल्या. "म्हातारी आहे. एवढ्या दुरून विचारून राहिली. डुक्कर मिळालं म्हनून सांग."

"मिळालं म्हंजे?" दुर्पताकाकी म्हणाल्या. "कोनी देल्लं? तू देल्लं म्हनून सांग. तुवाच तं बांधून ठेवलं होतं."

"मी कायले फुकट देईन? माह्या वालाचा वेल खाल्ला तेनं!"

"कोनी पाह्यलं खाताना?"

"पाहाले कायले पाहिजे? पाय उमटले होते!"

दुर्गेश्वरी एकीकडून दुसरीकडं पाहत राहिली. ती दोन महिने या पडवीत बसली होती, घरात डुक्कर नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिची नजर एकदा वालाच्या वेलाकडं गेलीच. मग तिनं खांदे उडवले आणि एस्तरला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

यामो आजीनं शांतपणे ऐकून घेतलं, बहिणीकडं पाहिलं. दोघी बाकावरून उठून मधल्या मोकळ्या जागेत येऊन बसल्या आणि बराच वेळ आपसात बोलल्या. टोपल्याच्या तोंडावरून चाळीस वर्षं पटलं नव्हतं, पण या बाबतीत त्यांचं पटलं. निकाल असा आला: डुक्कर आपटणारीला परत द्यावं, आणि त्याला पिल्लं झाली की पहिलं पिल्लू वेलवालीला द्यावं. त्यानंतर कोणी तोंड फिरवून बसू नये.

"कबूल?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

शामकलाबाईंनी विचार केला. "कबूल. पन पिल्लू धडधाकट पाहिजे."

"धडधाकटच देईन," दुर्पताकाकी म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "ते पीठ मंग टाकून देल्लं का व तू?"

"तुवाशिवाय कोन लाटन?" शामकलाबाई म्हणाल्या. "नवं तिंबतो उद्या."

दुसऱ्या दिवशी पापड झाले, दोनशे वीस, सगळे गोल. दुर्पताकाकींनी पापड लाटता लाटता चेतनाला फोन लावला आणि तिच्या सासूलाही फोनवर बोलावून घेतलं, आणि शामकलाबाईंनी त्या सासूशी सैल कणकेबद्दल चार शब्द बोलून घेतले, अगदी गोड आवाजात. पलीकडची सासू त्यानंतर बराच वेळ चेतनाची तारीफ करत होती म्हणे.

दर रविवारी अकराला पडवीत लॅपटॉप मांडायचा हे आता ठरूनच गेलं. कंपनीला दुर्गेश्वरीनं सगळं खरं लिहून कळवलं. त्यांनी अट काढून टाकली, कारण एस्तरनं त्यांना लिहिलं होतं की यामो आणि सेपा एका जागी बसून एवढा वेळ बोलल्याचं रेकॉर्डिंग तिला चार वर्षांत मिळालं नव्हतं, वरच्या आणि खालच्या बोलीतला फरक त्यात एका वाक्याआड सापडत होता.

चौथ्या रविवारी यामो आजीनं डुकराची खुशाली विचारली. शामकलाबाईंनी बेधडक सांगितलं की पिल्लं झाली, अकरा झाली. दुर्गेश्वरीनं ते सांगितलं आणि पलीकडं मोठा आनंद झाला.

"अकरा?" दुर्पताकाकी बाजेवर पुढं सरकल्या. त्यांना हे आत्ताच कळत होतं. "आन मले कोनी सांगितलंबी नाही? डुक्कर माहं, मंग दहा माही."

"दहा कशी? तिले चारा कोन घालून राहिलं एवढे दिवस?"

"परत देल्लं होतं ना तू! चारा कोठून घातला?"

"देल्लं होतं, पन ते राहते कोठी तुह्याकडं? सारखं इकडंच येते!"

दुर्गेश्वरीनं एस्तरला इंग्रजीत म्हटलं की दोन मिनिटं थांबा, यांचं काहीतरी वाटपावरून चाललंय, झालं की सांगते. एस्तर म्हणाली घाई नाही, चालू द्या, आमचंही इकडं सुरू झालंय. तिच्या मागं सेपा आजी उभी राहून हातवारे करत होती, यामो आजी तिला खाली बसवत होती, आणि पिल्लं सहा-पाच वाटावीत की दहा-एक यावर आतुमे आणि लोबाईची माणसं बाकं सरकवून आमनेसामने बसत होती. दुर्गेश्वरीनं लॅपटॉपची वायर प्लगमध्ये खोचली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.